कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी

भोईर सरांनी आम्हांला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा विषय वर्षभर शिकवला आणि त्या वर्षभरात एकदाही कॉम्प्युटर चालू केला नाही. यात थोडा दोष त्यांचा होता, थोडा कॉलेजचा. भिवंडीबाहेर अर्धा डोंगर कापून बांधलेलं आमचं कॉलेज. लॅबमध्ये कॉम्प्युटर भरपूर, पण निम्म्यांवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी आणि उरलेल्या निम्म्यांवर ती चिकटवायची राहिलेली. तपासणीची कमिटी यायची त्या दिवशी शिपाई चिठ्ठ्या काढून ठेवायचा आणि कमिटी काजूकतली खाऊन गेली की त्याच चिठ्ठ्या परत लावायचा. नवीन चिठ्ठ्यांना कॉलेज कागद देत नसे.

दुसऱ्या एखाद्या मास्तरने याबद्दल कुरकुर केली असती. सरांनी त्याचं तत्त्वज्ञान केलं होतं. “कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी चालू करायचा,” ते म्हणायचे. “तो काय पळून जातोय? गेलाच पळून तर बरं, कॉलेजला नवीन घ्यावा लागेल.” मग फळ्याकडे वळून ते प्रोग्रॅम लिहायला लागत. ओळीच्या शेवटचा अर्धविराम एवढा मोठा काढत की मागच्या बाकावर झोपलेल्यालाही दिसावा. तो प्रोग्रॅम चालतो की नाही हे आजतागायत कोणाला कळलेलं नाही, कारण फळ्यावरचा प्रोग्रॅम चालवून बघायची सोय अजून निघालेली नाही.

सर कामतघरचे. घराच्या दोन्ही अंगांना लूमच्या शेड, त्यामुळे त्यांच्या केसांत कायम कापसाचे तंतू. पहिल्या तासाला सर म्हातारे दिसायचे आणि डोंगरावरच्या वाऱ्याने तंतू उडून दुपारच्या तासापर्यंत तरुण व्हायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक लाल आणि एक हिरवं पेन. लाल चुकीसाठी, हिरवं कशासाठी ते आम्हांला कधी कळलं नाही, कारण आमच्यापैकी कोणाच्याही जर्नलात ते उतरलं नाही. सरांच्या धाकट्या भावाने दहावीत दोनदा आपटल्यावर वाटणीच्या जमिनीवर गोदामं बांधली होती आणि तो काळ्या काचांच्या गाडीतून हिंडायचा. सरांनी त्याच्या आधी, जमिनीला कोणी विचारत नव्हतं तेव्हा, आपली वाटणी विकून एम. ई. केलं होतं. आमच्या भागात पोरांना शिक्षणाचं महत्त्व सांगताना सरांचं नाव कोणी घेत नसे.

कागदाच्या बाबतीत मात्र सर राक्षस होते. जर्नल हाताने लिहायचं. समास पट्टीनेच. आकृतीतला एक बाण दुसऱ्या बाणाला ओलांडून गेला की अर्धा मार्क गेला. आमच्या कॉलेजात जर्नल लिहिणं म्हणजे वरच्या वर्गातल्या कोणाचं तरी जर्नल आणून रात्र-दिवस बसून उतरवणं. ही इतकी जुनी आणि पवित्र प्रथा होती की तिला कोणी कॉपी म्हणत नसे. आमच्या वर्षी एक सुवाच्य जर्नल वर्गात फिरलं आणि साठच्या साठ पोरांनी ते शब्दशः उतरवलं. त्यात लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमचं आउटपुट होतं आणि आउटपुटच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं, ‘वेलकम प्रशांत’.

साठ जर्नलं तपासून झाल्यावर सर वर्गात आले. गठ्ठा टेबलावर ठेवला, हात पुसले आणि विचारलं, “प्रशांत कोण?”

कोणी उठलं नाही. आमच्या वर्गात प्रशांतच नव्हता.

“म्हणजे बघा,” सर म्हणाले, “साठ इंजिनिअरांनी साठ वेगवेगळ्या लायब्र्या बांधल्या आणि साठही लायब्र्यांत एकच माणूस पुस्तक वाचायला येतो. आणि तो तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीचा न्हाय.” चिडले की सरांची भाषा कॉलेजचा डोंगर उतरून कामतघरला यायची.

आम्हांला वाटलं, आता पुन्हा लिहायला लावतात. सरांनी खाली बसून साठही जर्नलांवर सह्या केल्या. निकाल पडला तर प्रिन्सिपल पहिल्यांदा कंत्राटी मास्तरांना बोलावतात आणि सर तेव्हा आठ-दहा वर्षांपासून कंत्राटी होते, हे आम्हांला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर आम्ही इंजिनिअर होत होतो.

त्यांचं दुसरं वेड अधिक त्रासदायक होतं. ‘रिक्वायरमेंट गॅदरिंग’ हा धडा बाकीच्या कॉलेजांत दोन तासांत उरकतात. समोरच्याला काय हवं ते विचारून लिहून घ्यायचं, संपलं. सर त्यासाठी आम्हांला दहा-दहाच्या टोळ्या करून नारपोलीच्या एका लूमवर घेऊन गेले. चार तास उभं राहायचं, बघायचं आणि लिहायचं. कोणाला काही विचारायचं नाही, ही अट. आत खडखडाट असा की शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला नुसते दात दिसावेत. लूमवरचे चाचा, बनारसकडचे, सहा लूम एकटे सांभाळणारे, आमच्याकडे संशयाने बघत होते. शेवटी जेवायच्या सुट्टीत त्यांनी सरांना बाजूला घेतलं. “मास्टरजी, ये बच्चे सरकारी हैं क्या?”

“नहीं चाचा, ये तो अभी किसी के नहीं हैं,” सर म्हणाले.

मी वहीत लिहिलं होतं, ‘यंत्र चालते. कामगार यंत्राकडे बघतो.’ चार तासांची माझी कमाई एवढीच. सरांनी ती शेडबाहेर सगळ्यांसमोर वाचायला लावली. मग म्हणाले, “धागा तुटला की चाचांना कसं कळतं?”

“बघून, सर.”

“पाठ होती त्यांची. तीन वेळा धागा तुटला, तिन्ही वेळा पाठ होती.”

मग चाचांनाच विचारलं. चाचाही म्हणाले, “देखते रहना पड़ता है, साहब.” सर आमच्याकडे बघून असे हसले की जणू चाचांनी त्यांचीच बाजू मांडली. “ऐकलंत? ते कानाने काम करतात. सहा लूमच्या आवाजात एकाचा सूर बदलला की वळतात. पण विचारलं की सांगणार, बघून. माणसाला विचारलं की तो काम सांगत नाही रे, कामाचा नियम सांगतो. काम बघावं लागतं.”

परतीच्या रिक्षात आम्ही त्यांची नक्कल करत आलो. कॅम्पस इंटरव्ह्यूला चाचांचा कान विचारणार होते थोडेच. पुढच्या टोळीला सरांनी आपलं आपण जायला सांगितलं, तर तिने लूमवर जायचे कष्टही घेतले नाहीत. चायनीजच्या गाडीवर बसून त्यांनी आमच्या वह्या उतरवल्या.

मला नोकरी ठाण्याच्या एका कंपनीत लागली. आम्ही गोदामांसाठी सॉफ्टवेअर करायचो, आणि मी भिवंडीचा, म्हणजे गोदामं कोळून प्यायलेला, अशी कंपनीची समजूत झाली. मी ती दुरुस्त केली नाही. पहिलं मोठं काम आलं ते मानकोलीच्या एका गोदामाचं. कामगार आत आला की त्याने भिंतीवरच्या स्क्रीनवर नंबर टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येणार, तो टाकला की हजेरी लागणार. मी गोदामाच्या मॅनेजरला व्हिडिओ कॉलवर सगळं विचारून घेतलं. प्रत्येक कामगाराकडे मोबाईल आहे ना? आहे. नंबर नोंदवलेला आहे ना? आहे. आत रेंज येते ना? फुल्ल. मी बारा पानांचा दस्तऐवज केला. एकही बाण दुसऱ्याला ओलांडत नव्हता.

सिस्टीम चालू झाली त्या सकाळी मी हजर होतो, कारण साहेबांना फोटो हवे होते. पहिली शिफ्ट आत आली, स्क्रीनपुढे रांग लागली आणि कोणालाच पुढे जाता येईना. मी एकाला विचारलं, ओटीपी आला नाही का?

“आला असंल ना,” तो म्हणाला. “मोबाईल गेटवर हाय.”

मालाची चोरी होऊ नये, फोटो बाहेर जाऊ नयेत, म्हणून त्या गोदामातच काय, आसपासच्या सगळ्याच गोदामांत कामगारांचे मोबाईल वॉचमन गेटवर ठेवून घेतो. हे भिवंडीत शेंबड्या पोराला माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण मॅनेजरने मला नियम सांगितला आणि मी नियम लिहून घेतला. धावत गेटवर गेलो तर वॉचमनच्या लाकडी पेटीत दीडशे मोबाईल एकत्र वाजत होते आणि तो बिचारा एकेक काढून ओरडत होता, “छप्पन्न चव्वेचाळीस कोणाचा? अरे छप्पन्न चव्वेचाळीस!” आतून तीन जणांनी तोच आकडा टाकला. त्या दिवशी दुपारपर्यंत एकही खोका हलला नाही.

साहेबांनी मला काढलं नाही, कारण दस्तऐवजावर मॅनेजरची सही होती. पण त्यानंतर मी बदललो. पुढच्या प्रत्येक कामाआधी मी एक दिवस गेटवर नुसता बसायला लागलो. न विचारता. कोण कुठे थांबतो, कोण कशासाठी परत फिरतो, हमाल पेन कुठल्या कानावर ठेवतो. माझी कामं फसेनाशी झाली. कंपनीत मला ‘ग्राउंडवाला’ म्हणायला लागले, बढती मिळाली, नवीन पोरांना शिकवायला मला उभं केलं. मी स्लाइड केली, तिला भारदस्त इंग्रजी नाव दिलं आणि खाली माझं नाव टाकलं. हे सगळं कुठून आलं असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, अनुभवातून. भोईर सरांचं नाव घ्यायला मला लाज वाटायची. डोक्यात कापूस असलेल्या, कधी कॉम्प्युटर न लावलेल्या मास्तरकडून मी हे शिकलो, असं एसी खोलीत कसं सांगणार?

मग गेल्या वर्षी सरच समोर येऊन बसले.

कॉलेजने जुनी शाखा बंद करून तिच्या जागी एआयची शाखा काढली होती. तीच लॅब, त्याच चिठ्ठ्या, दारावरची पाटी तेवढी नवीन. नव्या शाखेला पीएच. डी. झालेले मास्तर हवेत म्हणून एकोणीस वर्षांच्या कंत्राटानंतर सरांना नारळ दिला. आमच्या कंपनीने मानकोलीच्या एका गोदामाच्या आवारात तीन महिन्यांपूर्वी ऑफिस काढलं होतं आणि तिथे माणूस मागवला होता. गोदामात जाऊन काम समजून घ्यायचं आणि लिहून काढायचं, एवढंच त्या जागेचं काम. मी अर्जातलं नाव वाचलं आणि कागद पालथा ठेवला.

मुलाखत शुक्रवारी, त्याच ऑफिसात. पॅनेलवर आम्ही तिघं. आमचा मॅनेजर कार्तिक, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, एचआरची स्नेहल, आणि मी. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत फाइल. मला बघून त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. मी टेबलावरच्या कागदांत बघितलं. ते लगेच समजले आणि खुर्चीत सरळ बसत मला म्हणाले, “गुड मॉर्निंग, सर.”

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी ‘गुड मॉर्निंग’ म्हणालो.

कार्तिकने विचारलं, शेवटचा प्रोजेक्ट कुठला केलात?

“लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम,” सर शांतपणे म्हणाले. “एकोणीस वेळा.”

स्नेहल हसली, कार्तिक हसला, आणि सांगायला शरम वाटते, मीही हसलो. कुठली टूल्स वापरता, याला सरांनी पट्टी आणि पेन्सिल असं उत्तर दिलं. वेगळं काही सांगून बघण्याचीही त्यांना अक्कल नव्हती. मग त्यांनी पिशवीतून चार पानं काढली. मुलाखत अकराला होती, सर नऊलाच येऊन गेटसमोरच्या टपरीवर बसले होते. “तुमच्याकडे ट्रक आत येताना ड्रायव्हर तीनदा खाली उतरतो,” ते म्हणाले. “एकदा कागद द्यायला, एकदा तोच कागद परत घ्यायला, आणि एकदा पुढच्या खिडकीवर तोच दाखवायला. दोन तासांत मी अकरा गाड्या बघितल्या. मागची रांग त्याने लागते. वॉचमनला विचारलंत तर तो सांगेल, एकदाच उतरतो.”

कार्तिक मोबाईलवर काहीतरी वाचत होता. “नाइस,” तो म्हणाला.

मी ती रांग तीन महिने रोज बघत होतो आणि मला ती का लागते ते सापडलं नव्हतं.

सर बाहेर गेल्यावर कार्तिक म्हणाला, “मला पन्नाशीचा माणूस नको, पण तू ग्राउंडवाला. तू हो म्हणालास तर घेऊ या. तूच ठरव.” स्नेहलने फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ज्यांना असं वाटतं की माणूस अशा वेळी फार विचार करतो, त्यांना मी सांगतो, मला अर्धं मिनिटही लागलं नाही. सर इथे आले असते तर आठवड्याभरात सगळ्यांना कळलं असतं की ग्राउंडवाल्याचं ग्राउंड कोणाचं आहे. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘उमेदवाराची नवीन शिकण्याची क्षमता मर्यादित. योग्य नाही.’ खाली नाव आणि सही.

सर पार्किंगमध्ये स्कूटरपाशी थांबले होते. आता आजूबाजूला कोणी नव्हतं तेव्हा ते मला ‘अरे’ म्हणाले. “अरे, काय वाटतं? घरी काहीतरी सांगावं लागेल म्हणून विचारतो. पोरगी तिसऱ्या वर्षाला आहे, आणि हिने शेजारीपाजारी आधीच सांगून ठेवलंय.”

“एचआर कळवेल, सर,” मी म्हणालो. “मी माझ्या बाजूने पूर्ण प्रयत्न केलाय.”

“ते झालंच,” ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारायला लागले. ती चौथ्या किकला चालू झाली. तोवर मी तिथे उभा होतो.

सोमवारी स्नेहल माझ्या टेबलापाशी आली. तिचा चेहरा उतरला होता. नकाराची मेल आमची सिस्टीम आपोआप पाठवते आणि ती सिस्टीम आमच्याच पोरांनी केलेली. मेलमध्ये फक्त ‘आपली निवड झाली नाही’ एवढंच जायला हवं. पण करणाऱ्याने फॉर्मचे सगळेच रकाने जोडले होते, आणि मेल उमेदवाराच्या डोळ्यांनी वाचून बघायचं कोणालाच सुचलं नव्हतं. प्रत्येक उमेदवाराला पॅनेलवरच्या माणसाचा शेरा नावासकट जात होता. एका उमेदवाराने उलट लिहून विचारलं होतं, ‘मी उद्धट कसा?’, म्हणून उघडकीला आलं. “सगळ्यांना गेल्यात,” स्नेहल म्हणाली. “शुक्रवारच्या सुद्धा.”

सरांनी फोन केला नाही. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, आणि मला बरं वाटावं अशी त्यांची काही जबाबदारी नव्हती. मीही फोन केला नाही. महिनाभर मी कामतघरच्या रस्त्याने जायचं टाळलं. लांबच्या वळशाने घरी जायचो आणि बायकोला सांगायचो, तिकडे ट्रॅफिक असतं.

एका रविवारी सकाळी मासळी बाजारात सर दिसले. त्यांनी मला बघितलं नव्हतं, वळून जाता आलं असतं. मी वळलोही होतो. पण शेजारी त्यांच्या मिसेस होत्या आणि त्यांनी मला बरोबर ओळखलं. कॉलेजच्या निरोप समारंभाचा आमचा फोटो त्यांच्या घरी भिंतीवर आहे म्हणे. कोळणीशी चाललेला भाव अर्धवट सोडून त्या माझ्याकडे आल्या.

“तुम्हीच ना ते?” त्या म्हणाल्या. “यांनी सांगितलं मना. तिघांत तुम्ही एकलेच यांच्या बाजूने बोललात. बाकीच्यांनी ऐकलं न्हाय, ती गोष्ट वेगली. पन आजकाल मास्तरासाठी कोन बोलतं हो? मी पोरीला पन सांगितलं, यांच्या हाताखालची पोरं बघ कशी हायत.”

मी सरांकडे बघितलं. ते वाकून एका सुरमईचा कल्ला उघडून बघत होते, फार लक्ष देऊन.

“त्यात काय एवढं, काकू,” मी म्हणालो.

“एवढं कसं न्हाय? घरी या एकदा जेवायला. बायकोला पन आना. बुधवारी या, म्हावरं असतं.” त्यांनी माझा हात धरला होता. त्यांच्या हाताला मासळीचा वास होता आणि त्या सोडायला तयार नव्हत्या. “येतो म्हना. नुसती मान नका हलवू.”

तेव्हा सर उभे राहिले. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. तो असता तर मी तो ओळखला असता. वर्षभर त्यांच्या पुढ्यात बसलो होतो.

“चल गं,” ते बायकोला म्हणाले. “सोड त्याला. त्याला उशीर होत असेल.”

रविवार होता. मला कुठेच जायचं नव्हतं. “हो, थोडा होतोय,” मी म्हणालो.